धातूंच्या ऑक्साइडांच्या अब्जांश रचना : त्यांची वाढ आणि स्वरूपनिश्चिती

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन हे पैठण तालुक्यातील गाव लागते. या सबंध परिसराची भूमी दख्खनच्या बेसाल्ट खडकाची आहे. बेसाल्टमध्ये लोह व टायटॅनियम यांची ऑक्साइडे बऱ्याच प्रमाणात असतात. ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरविला असता त्याला जी काळी कणी चिकटते ती बहुतांशी मॅग्नेटाइटाची, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडाची, असते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी दिसणारे तांबडे पट्टेही लोहाच्या ऑक्साइडानेच रंगलेले असतात. मातीतील लोहाच्या ऑक्साइडांचे कण तर पुष्कळदा नॅनोमीटरने, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाने, मोजण्याइतके सूक्ष्म असतात. तेव्हा ज्याला आज अब्जांश रचना असे नाव मिळाले आहे ती वस्तू निसर्गाला नवी नाही. नवे आहे ते एवढेच की, अशी रचना ठरविलेल्या आकाराची व ठरविलेल्या दिशेने काचेच्या पट्टीवर वाढविता येते, आणि ती खरोखर तशी वाढली आहे की नाही हे तपासण्याची साधने विद्यापीठांच्या आवाक्यात आली आहेत.

बिडकीनचा उल्लेख केवळ भूगर्भाच्या निमित्ताने केलेला नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे राष्ट्रार्पण झाले. त्याचा विस्तार ७,८५५ एकर आहे. ज्या भागात इतके विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र वसावयाचे त्या भागात वायूंची गळती ओळखणारी उपकरणे, गंजरोधक लेप, उत्प्रेरके, विद्युत्घटांतील द्रव्ये यांची गरज पडणार हे उघड आहे. आणि या सर्वांत धातूंच्या ऑक्साइडांचा वाटा मोठा आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९४ मध्ये नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील विद्यापीठात असे संशोधन नवे नाही. भौतिकशास्त्र विभागात के. एम. जाधव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी फेराइट या चुंबकीय ऑक्साइडांच्या सूक्ष्म कणांवर दीर्घकाळ काम केले आहे. तथापि प्रयोगशाळेतील चंचुपात्रात वाढलेली वस्तू कारखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या उपकरणात विश्वासाने वापरता यावी यासाठी मध्ये बरेच अंतर कापावे लागते. त्या अंतरातील पहिला टप्पा स्वरूपनिश्चितीचा होय, आणि सर्वाधिक घसरणी तेथेच होतात असे अनेक प्रबंध चाळले असता दिसून येते.

विवेचनासाठी प्रस्तुत लेखात जस्ताचे ऑक्साइड घेतले आहे. ते स्वस्त आहे, त्याच्या वाढीस फार उष्णता लागत नाही, आणि त्याचा परिचय या देशाला जुना आहे. रसशास्त्रातील यशदभस्म किंवा जसदभस्म हे मुख्यतः हेच ऑक्साइड. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात जसदभस्मात नॅनोमीटर मापाचे कण आढळले व त्यांतील ऑक्सिजनचे प्रमाण आदर्श सूत्राहून थोडे कमी असल्याचे दिसले. यावरून प्राचीनांना अब्जांश तंत्रज्ञान अवगत होते असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. पुटे देण्याची त्यांची पद्धत काटेकोर होती. परंतु कणाचे माप त्यांच्या विचाराचा विषय नव्हता, आणि जे मोजले जात नाही त्यावर नियंत्रण ठेवता येत नाही.

सूक्ष्मतेने काय साधते, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. या ऑक्साइडाचा एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे वजन सुमारे ५.६ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याच्या आतबाहेर, भरेल आणि त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असेल. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला तर सर्व घनांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. शेतकऱ्याच्या मापाने जवळजवळ सहा गुंठे. वजन तेच, द्रव्य तेच. परंतु हवेशी संबंध येणारे क्षेत्र दहा लाख पटींनी वाढले. ज्या क्रिया पृष्ठभागावर घडतात, म्हणजे वायूचे अधिशोषण, उत्प्रेरण, प्रकाशाच्या साहाय्याने होणारे ऑक्सिडीकरण, त्या सर्वांना याचा लाभ मिळतो. सूक्ष्मतेचा दुसरा परिणाम, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडला गेल्यामुळे ऊर्जाअंतर वाढणे, हा फार गाजलेला आहे. पण जस्ताच्या ऑक्साइडात तो कण काही थोड्या नॅनोमीटरांचा झाल्याखेरीज प्रकट होत नाही. त्याविषयी पुढे लिहावयाचे आहे.

द्रावणातून वाढ

ऑक्साइडांच्या अब्जांश रचना वाढविण्याचे मार्ग अनेक आहेत. जॉर्जिया येथील तंत्रज्ञान संस्थेत पॅन, डाय व वांग यांनी २००१ मध्ये ऑक्साइडांची बाष्पे थंड करून त्यांच्या लांब, चपट्या फिती मिळविल्या. त्यासाठी एक हजार अंशांच्या पुढे तापणारी भट्टी व वायूंच्या प्रवाहावर नियंत्रण लागते. फेराइटांसाठी धातूंची नायट्रेटे व सायट्रिक आम्ल यांचा जेल पेटवून देण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. काही क्षणांत भुसभुशीत पूड हाती येते. तापलेल्या काचेवर द्रावणाचे तुषार उडविण्याची पद्धतही परिचित आहे. परंतु साधनांची चणचण असलेल्या ठिकाणी सर्वांत उपयुक्त ठरली ती रासायनिक कुंडाची पद्धत. तिला निर्वात पंप लागत नाही, महाग वायू लागत नाहीत. तापमान स्थिर ठेवणारे पाण्याचे कुंड व चांगला तराजू एवढ्यावर काम भागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीचा आणि तिच्याच जातीच्या, पट्टी आळीपाळीने दोन द्रावणांत बुडविण्याच्या, पद्धतीचा पाठपुरावा केला. ही दुसरी पद्धत निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली होती. सल्फाइडे, सेलेनाइडे इत्यादींच्या थरांपुरते तिचे समालोचन एच. एम. पठाण व लोखंडे यांनी २००४ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ या नियतकालिकात केले.

कुंडातील वाढीचे मर्म अतिसंपृक्ततेत आहे. द्रावणात जस्ताचे आयन व हायड्रॉक्सिल आयन यांचे प्रमाण विद्राव्यतेच्या मर्यादेपलीकडे गेले की घन पदार्थ वेगळा होऊ लागतो. ही मर्यादा एकदम ओलांडली, उदाहरणार्थ जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात कॉस्टिक सोडा भसकन ओतला, तर सर्वत्र असंख्य केंद्रके निर्माण होऊन पांढरा साका खाली बसतो आणि काचेवर काहीच वाढत नाही. मर्यादा सावकाश व थोडीच ओलांडली तर द्रावणाच्या पोटात नवी केंद्रके होण्यापेक्षा आधीच असलेल्या पृष्ठभागावर अणूंची भर पडणे सोपे जाते. म्हणून अल्कली बाहेरून ओतण्याऐवजी ती द्रावणातच हळूहळू निर्माण व्हावी अशी योजना करतात. या कामी हेक्सामीन हे द्रव्य उपयोगी पडते. गरम पाण्यात त्याचे सावकाश जलविच्छेदन होऊन फॉर्माल्डिहाइड व अमोनिया सुटतात. अमोनियामुळे हायड्रॉक्सिल आयनांचा मंद परंतु अखंड पुरवठा होतो. जस्ताचे नायट्रेट व हेक्सामीन यांच्या समप्रमाण द्रावणातून ९५ अंश सेल्सिअसला काचेवर उभ्या सूक्ष्म कांड्या वाढविता येतात, हे वेसिएर यांनी २००३ मध्ये दाखविले, आणि त्यानंतर ही कृती जगभर पसरली.

प्रत्यक्ष प्रमाणे पुढीलप्रमाणे घेता येतात. १०० मिलिलिटर पाण्यात ०.७४४ ग्रॅम सजल जस्त नायट्रेट आणि ०.३५० ग्रॅम हेक्सामीन विरघळविले म्हणजे दोन्ही द्रव्यांची संहती ०.०२५ मोलर होते. तत्पूर्वी काचपट्टीवर बीजथर देणे अवश्य असते. त्यासाठी अल्कोहोलमध्ये जस्ताच्या ॲसिटेटाचे विरळ द्रावण, सुमारे ०.००५ मोलर, करून त्यात पट्टी बुडवितात, वाळवितात, व ३५० अंशांना २० मिनिटे तापवितात. ॲसिटेटाचे विघटन होऊन ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण काचेला चिकटून राहतात. पेरणीच्या वेळी बी दाट पडले की रोपे बारीक व सरळ वाढतात, विरळ पडले की ती पसरतात व आडवी होतात. येथेही जवळजवळ तसेच घडते. नंतर पट्टी बीजथराची बाजू खाली करून द्रावणात तरंगत किंवा तिरपी ठेवतात. बाजू वर ठेवली तर द्रावणात इतरत्र झालेला साका तिच्यावर बसतो, आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तो साका म्हणजेच वाढलेली रचना असा समज होतो. ९० अंशांच्या आसपास तीन ते सहा तासांत द्रावणातील जस्त बरेचसे संपून वाढ मंदावते. याहून लांब कांड्या हव्या असल्यास वेळ वाढवून उपयोग नाही. ताजे द्रावण घ्यावे लागते.

कांड्याच का वाढतात, हा प्रश्न विद्यार्थ्याने मनात घोळवावा असा आहे. जस्ताच्या ऑक्साइडाचा स्फटिक षट्कोनी असतो. त्याच्या उभ्या अक्षाच्या एका टोकाच्या पृष्ठावर केवळ जस्ताचे अणू व दुसऱ्या टोकाच्या पृष्ठावर केवळ ऑक्सिजनचे अणू येतात, त्यामुळे ही पृष्ठे विद्युत्भारित व अस्थिर असतात. सहा बाजूंच्या पृष्ठांवर दोन्ही प्रकारचे अणू समसमान असल्याने ती शांत असतात. अस्थिर पृष्ठावर अणू झपाट्याने बसतात, शांत पृष्ठावर हळू. परिणामी उंची वाढते, जाडी वाढत नाही. हेक्सामीन बाजूच्या पृष्ठांना चिकटून तेथील वाढ आणखी अडविते असेही एक मत आहे. अमोनियाचा मंद पुरवठा हेच त्याचे मुख्य कार्य मानणारे संशोधकही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अधिक साधे व म्हणून अधिक ग्राह्य वाटते.

पाण्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण छापील शोधनिबंधांत त्याविषयी अर्धे वाक्यही नसते. बिडकीनसारख्या बेसाल्टच्या प्रदेशातील विहिरीचे पाणी सामान्यतः दुष्फेन असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे, तसेच खडकातून विरघळलेली सिलिका असते. असे पाणी, किंवा त्यापासून निष्काळजीपणे ऊर्ध्वपातित केलेले पाणी, ९० अंशांना तापविले तर बायकार्बोनेटांची कार्बोनेटे होऊन बारीक कण सुटतात. हे परके कण केंद्रकांचे काम करू लागतात. शिवाय जस्ताचे क्षारीय कार्बोनेट तयार होण्याचा संभव असतो. एकाच कृतीने पावसाळ्यात एक व उन्हाळ्यात दुसरी रचना मिळाली तर दोष प्रथम पाण्यात शोधावा. पाण्याची विद्युत्वाहकता प्रत्येक प्रयोगापूर्वी मोजून वहीत नोंदविणे ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. काच धुण्यासाठी जुन्या हस्तपुस्तिकांत सांगितलेले क्रोमिक आम्ल मात्र आता टाळावे. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि साबण, ॲसिटोन व अल्कोहोल यांत श्राव्यातीत कंपनांनी काच पुरेशी स्वच्छ होते.

क्ष-किरणांची साक्ष

पट्टीवर दुधाळ थर दिसू लागला की काम निम्मे झाले असे समजण्याची प्रवृत्ती असते. खरे पाहता ते तेव्हा सुरू होते. थर कोणत्या द्रव्याचा आहे हे क्ष-किरण विवर्तनाने कळते. तांब्याच्या लक्ष्यापासून निघणाऱ्या, ०.१५४०६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी जस्ताच्या ऑक्साइडाची पहिली तीन शिखरे ३१.८, ३४.४ व ३६.३ अंशांच्या जवळ येतात. पुडीत तिसरे शिखर सर्वांत उंच असते, मधले त्याच्या निम्म्याहूनही कमी. कांड्या काचेवर काटकोनात उभ्या असतील तर मात्र मधले, म्हणजे ३४.४ अंशांचे, शिखर इतरांना झाकून टाकते, कारण ते उभ्या अक्षाला लंब असलेल्या प्रतलांचे आहे. शिखरांच्या उंचीचे हे गुणोत्तर दिशेविषयी स्पष्ट पुरावा देते.

शिखराच्या रुंदीवरून स्फटिककणाचे माप काढण्याचे सूत्र शेरर यांनी १९१८ मध्ये दिले. आकारस्थिरांक ०.९ घेऊन त्याला तरंगलांबीने गुणावयाचे, आणि अर्ध्या उंचीवरील रुंदी व निम्म्या कोनाची कोज्या यांच्या गुणाकाराने भागावयाचे, इतके ते सोपे आहे. या सोपेपणामुळेच त्याचा जितका दुरुपयोग झाला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या सूत्राचा झाला असेल. एक उदाहरण पाहावे. ३४.४ अंशांच्या शिखराची मोजलेली रुंदी ०.३० अंश आहे असे समजा. सूत्रात ती जशीच्या तशी घातली तर माप २७.७ नॅनोमीटर येते. परंतु या रुंदीत उपकरणाचा स्वतःचा वाटा असतो. तो ०.१० अंश असेल आणि शिखरे गाऊसच्या आकाराची मानली तर वर्गांची वजाबाकी करून उरलेली रुंदी ०.२८ अंश व माप २९.४ नॅनोमीटर येते. शिखरे लोरेंट्झच्या आकाराची मानली तर सरळ वजाबाकी करावी लागते, आणि माप ४१.६ नॅनोमीटर होते. नोंद एकच, उत्तरे तीन. अशा स्थितीत प्रबंधात ‘२७.७२ नॅनोमीटर’ असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिणे म्हणजे अज्ञानाला अचूकतेचा पोशाख चढविणे होय. शिखर जितके अरुंद, तितका धोका अधिक: मोजलेली रुंदी ०.१२ अंश असेल तर दुरुस्तीशिवाय ६९ व गाऊसच्या दुरुस्तीनंतर १२५ नॅनोमीटर असे उत्तर येते; येथे सूत्राचा वापर थांबविणेच इष्ट. उपकरणाचा वाटा लॅन्थेनम हेक्साबोराइडासारख्या प्रमाणित पुडीवरून प्रत्यक्ष मोजता येतो आणि तो मोजलाच पाहिजे.

याहून मूलगामी चूक दुसरी आहे. शेररच्या सूत्राने मिळणारे माप हे त्या त्या प्रतलांना लंब दिशेतील असते. कांडीच्या बाबतीत ३४.४ अंशांचे शिखर तिच्या लांबीच्या दिशेविषयी बोलते, ३१.८ अंशांचे जाडीच्या दिशेविषयी. एक मायक्रोमीटर लांब व ५० नॅनोमीटर जाड कांडीसाठी या दोन्हींची सरासरी काढून ‘कणाचे माप’ म्हणून सांगणे हे नारळाच्या झाडाची उंची व बुंध्याची जाडी यांची सरासरी सांगण्यासारखे आहे. स्फटिकातील ताणामुळेही शिखरे रुंदावतात. माप व ताण यांचे परिणाम कोनाप्रमाणे निरनिराळे बदलतात, या गोष्टीचा उपयोग करून दोन्ही वेगळे काढण्याची रीत विल्यमसन व हॉल यांनी १९५३ मध्ये दिली. परंतु दिशायुक्त वाढलेल्या थरात दोन-तीनच शिखरे दिसत असतील तर त्यांतून काढलेल्या सरळ रेषेवर फारसा भार टाकता येत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे मनोवेधक असतात आणि तोच त्यांचा धोका आहे. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात पट्टीचा किती नगण्य भाग येतो, याचा विसर पडतो. आणि छापण्यासाठी स्वाभाविकच सर्वांत सुबक क्षेत्र निवडले जाते. पट्टीच्या मध्यावर, कडेला आणि मधल्या एकदोन जागी अशी चित्रे घेऊन, निदान शंभर कांड्यांची जाडी मोजून, सरासरीबरोबर विचलनही द्यावे. पारगामी सूक्ष्मदर्शकात एकेका कांडीतील प्रतलांचे पट्टे दिसतात. उभ्या अक्षाच्या दिशेने त्यांचे अंतर ०.२६ नॅनोमीटर आढळले म्हणजे कांडी त्याच अक्षाने वाढली याचा थेट पुरावा मिळतो. क्ष-किरणांचे माप व सूक्ष्मदर्शकाचे माप जुळले नाही तर घाबरून जाण्याचे कारण नसते. एका कांडीत अनेक स्फटिककण असू शकतात, आणि ही विसंगतीच पुष्कळदा खरी माहिती देते.

प्रकाशशोषणाच्या वर्णपटावरून ऊर्जाअंतर काढण्याची जी आलेखपद्धती टाउक यांच्या नावाने ओळखली जाते, ती १९६६ मधील अस्फटिकी जर्मेनियमवरील कामातून आली. स्फटिकी ऑक्साइडांसाठी तिची सुधारलेली रूपे वापरतात, त्यास हरकत नाही. परंतु उभ्या कांड्यांचा थर प्रकाश केवळ शोषत नाही, विखुरतोही. विखुरलेला प्रकाश शोधकापर्यंत न पोचल्याने तो शोषला गेला असे उपकरणास वाटते, आलेखाचा पाया उचलला जातो, आणि स्पर्शरेषा कोठे काढावी हे काढणाऱ्याच्या मर्जीवर राहते. सामान्य तापमानास जस्ताच्या ऑक्साइडाचे ऊर्जाअंतर सुमारे ३.३ ते ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३७० नॅनोमीटरच्या आसपासचा जंबुपार प्रकाश. एखाद्या थरात ते किंचित अधिक आले की ‘पुंज परिणामामुळे’ असे लिहून टाकण्याची रूढी पडली आहे. या ऑक्साइडातील इलेक्ट्रॉन व विवर यांच्या जोडीची बोर त्रिज्या सुमारे २ नॅनोमीटर आहे. ५० नॅनोमीटर जाडीच्या कांडीत इलेक्ट्रॉन कोंडला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वेळी वाहकांची संख्या वाढल्यामुळे होणारा, १९५४ मध्ये बर्स्टाइन व मॉस यांनी दाखविलेला परिणाम, किंवा स्पर्शरेषेतील स्वातंत्र्य, हीच कारणे आधी तपासावीत. क्ष-किरणांनी उडविलेल्या इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटात ५३१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे दिसणारे ऑक्सिजनचे शिखर ‘ऑक्सिजनच्या रिक्त जागांचे’ म्हणून सांगतात, तेही असेच. रिकाम्या जागेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. ते शिखर बहुधा पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांचे असते.

वायुसंवेदक आणि कारखाना

एवढी चिकित्सा कशासाठी, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर उपयोगात आहे. जस्ताच्या ऑक्साइडाच्या पातळ थराची वाहकता वायूमुळे बदलते व त्यावरून वायू ओळखता येतो, हे जपानमध्ये सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखविले. थर २०० ते ४०० अंशांना तापविला की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर अधिशोषित होतो व अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. पृष्ठभागाखालचा एक पट्टा इलेक्ट्रॉनविरहित होऊन रोध वाढतो. हायड्रोजन सल्फाइड किंवा अमोनिया यांसारखा क्षपणकारी वायू आला की तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन परत मोकळे होतात आणि रोध उतरतो. कांडीची जाडी या रिक्त पट्ट्याच्या दुपटीजवळ आली तर सबंध कांडीच या क्रियेत सापडते व संवेदनक्षमता वाढते. म्हणजे जाडी २८ नॅनोमीटर की ४२, हा वादाचा विषय राहत नाही. उपकरण चालेल की नाही हे तिच्यावर अवलंबून आहे.

असे काम मोठ्या शहरातच होऊ शकते हा समज अमळनेरने खोटा ठरविला आहे. तेथील प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील यांच्या प्रयोगशाळेने ऑक्साइडांच्या छापील जाड थरांचे व तुषारपद्धतीने मिळविलेल्या पातळ थरांचे वायुसंवेदक करून त्यांवरील निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. तालुक्याच्या गावी जे झाले ते बिडकीनच्या परिसरातही होऊ शकेल, यात शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु संवेदकाची परीक्षा कोणत्या स्थितीत घेतली जाते, हा प्रश्न उरतो. हायड्रोजन सल्फाइडाचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत गेले की ते जीविताला तत्काळ धोकादायक मानतात, आणि याच सुमारास नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर होऊ लागते. टाकीत किंवा गटारात उतरलेल्या कामगाराला वास नाहीसा झाला की वायूही गेला असे वाटते. अशा वायूचा संवेदक १००० भागांना उत्तम प्रतिसाद देतो, हे वाक्य निबंधात शोभून दिसेल. पण त्या कामगाराच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही. त्याला ५ व १० भागांना इशारा हवा. तसेच प्रयोगशाळेत नळकांड्यांतील कोरड्या हवेत घेतलेली मोजणी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत टिकत नाही. पाण्याची वाफ पृष्ठभागावरील जागा अडविते, मूळ रोध उतरतो व प्रतिसाद मंदावतो. मराठवाड्यात एप्रिलची हवा व ऑगस्टची हवा यांत इतका फरक असतो की, एकाच ऋतूत पारखलेल्या संवेदकावर विसंबणे धाडसाचे ठरेल. आर्द्रतेच्या निदान तीन पातळ्या, वायूच्या धोक्याच्या मर्यादेखालील प्रमाणे, अल्कोहोल व पेट्रोल यांच्या वाफांसारखे फसविणारे वायू, आणि काही महिन्यांनंतरची पुनर्मोजणी, एवढे नसेल तर त्या थराला संवेदक न म्हणता संवेदकाचे संभाव्य द्रव्य म्हणावे. एकाच दिवशी एकाच पट्टीवर घेतलेल्या मोजणीपेक्षा पाच निरनिराळ्या दिवशी वाढविलेल्या पाच पट्ट्यांची विखुरलेली मोजणी अधिक मोलाची असते, जरी तिचा आलेख कुरूप दिसला तरी.

एक व्यावहारिक बाब राहते, ती प्रयोगानंतर उरलेल्या द्रावणाची. ०.०२५ मोलर द्रावणात आरंभी लिटरला सुमारे १.६ ग्रॅम जस्त असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने स्वीकार्य ठरविलेली मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे द्रावण तिच्या तीनशे पटींहून अधिक. त्यात फॉर्माल्डिहाइडही असते. तेव्हा ते मोरीत ओतून देणे योग्य नाही. पट्ट्या काढून घेतल्यावर द्रावण आणखी काही तास गरम ठेवले तर राहिलेले बरेचसे जस्त साक्यात उतरते. तो गाळून साठवावा. गाळलेल्या द्रावणात सोडियम कार्बोनेट घालून आणखी जस्त काढता येते. परंतु अमोनियामुळे त्याचा काही भाग संकुलाच्या रूपाने विरघळलेलाच राहतो, आणि कॉस्टिक सोडा फार झाला तर साका पुन्हा विरघळतो. म्हणून शेवटच्या पाण्यातील जस्त मोजल्याखेरीज ते बाहेर सोडू नये. तोपर्यंत ते झाकणाच्या बरणीत, चिठ्ठी लावून, वेगळे ठेवावे.